शिधा केंद्राचा, जमीन राज्याची

ब्रू छावण्यांच्या तेवीस वर्षांचा राजकीय जमाखर्च

गृह मंत्रालयाच्या अनुदानविषयक मागण्या लोकसभेत चर्चेला येतात तेव्हा सभागृहाचा वेळ जातो तो काश्मीर, नक्षलवाद, सीमा सुरक्षा आणि दिल्ली पोलिस या विषयांवर. ज्या वर्षी या मागण्या चर्चेविना, ‘गिलोटिन’च्या एका झटक्यात मंजूर होतात, त्या वर्षी तर तेवढाही वेळ जात नाही. या मंत्रालयाच्या हिशेबात स्थलांतरितांच्या मदत व पुनर्वसनाची एक छत्रयोजना आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी तिला १,४५२ कोटी रुपये मंजूर झाले, ते २०२२ च्या मार्चमध्ये. गृह मंत्रालयाच्या एकूण पसाऱ्यात ही रक्कम किरकोळ म्हणावी अशीच. परंतु या छत्राखाली कोण कोण उभे आहे हे पाहिले, तर सक्तीच्या स्थलांतराचा स्वतंत्र भारतातील अवघा इतिहास एका पानावर दिसू लागतो.

पाकव्याप्त काश्मीर व छंब येथून विस्थापित झालेली कुटुंबे, श्रीलंकेतून आलेले तमिळ, त्रिपुरातील छावण्यांमधील ब्रू आदिवासी, १९८४ च्या शीखविरोधी दंगलीतील पीडित, दहशतवादी व नक्षलवादी हिंसाचारात बळी पडलेल्या नागरिकांची कुटुंबे, तिबेटी निर्वासितांची मदत समिती आणि बांगलादेशाशी झालेल्या भूभागांच्या अदलाबदलीनंतर कूचबिहारमध्ये आलेले ९२२ लोक अशी ही सात प्रकरणे आहेत. यांतील काही परदेशी नागरिक, काही जन्माने भारतीय. काही सात दशकांपूर्वीचे, काही २०१५ चे. त्यांच्यात समान धागा एकच. आपले घर सुटल्यानंतर किंवा उद्ध्वस्त झाल्यानंतर ते सरकारच्या हिशेबात ‘मदत’ या रकान्यात जाऊन बसले.

छावणीकडे पाहण्याची आपली दृष्टी बहुधा करुणेची असते आणि तीत गैर काही नाही. परंतु छावणी ही एक आर्थिक व राजकीय व्यवस्थाही असते. धान्य कोणी द्यायचे, जमीन कोणी द्यायची, मजुरी कोणत्या दराने मिळायची आणि मत कोणत्या मतदारसंघात मोजायचे, या चार प्रश्नांची उत्तरे जोवर लागत नाहीत तोवर छावणी उठत नाही. ही उत्तरे पुढे ढकलणे सर्व संबंधित सरकारांना कसे सोयीचे ठरते, याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे मिझोराममधून त्रिपुरात आलेल्या ब्रू आदिवासींची कहाणी.

मतदारयादीतून छावणीकडे

त्रिपुरात ज्यांना रियांग म्हणतात तेच मिझोराममध्ये ब्रू म्हणून ओळखले जातात. डोंगरउतारावर फिरती शेती करणारा हा समाज मिझोरामच्या पश्चिम पट्ट्यात, त्रिपुरा व बांगलादेश यांच्या सीमेलगत राहत आला. १९९५ च्या सुमारास यंग मिझो असोसिएशन व मिझो विद्यार्थी संघटना यांनी ब्रूंची नावे मतदारयादीतून वगळावीत अशी मागणी केली. ब्रू हे मिझोरामचे मूळ रहिवासी नव्हेत, हा त्यामागचा युक्तिवाद. त्याला उत्तर म्हणून ब्रूंमध्ये राजकीय संघटन उभे राहिले. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये ब्रू नॅशनल युनियनने राज्यघटनेच्या सहाव्या परिशिष्टाखाली स्वायत्त जिल्हा परिषदेची मागणी पुढे आणली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला डम्पा व्याघ्र प्रकल्पात एका मिझो वनरक्षकाची हत्या झाली आणि तिचा आरोप ब्रू अतिरेक्यांवर आला. त्यानंतर जो हिंसाचार उसळला, त्यात सुमारे पाच हजार कुटुंबे, म्हणजे तीस हजारांच्या आसपास माणसे, सीमा ओलांडून उत्तर त्रिपुरात आली. कांचनपूर व पाणीसागर या उपविभागांत नाईसिंगपाडा, आशापाडा यांसारख्या सहा छावण्या वसल्या, आणि तात्पुरत्या म्हणून उभारलेल्या या झोपड्यांमध्ये पुढे एक अख्खी पिढी जन्मली व वाढली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. भांडणाचा आरंभ जमिनीवरून जितका झाला तितकाच तो संख्येवरून झाला. चाळीस सदस्यांच्या विधानसभेत मतदारसंघ लहान असतात. दोन-तीन हजार मतांचा गठ्ठा निकाल फिरवू शकतो. ब्रू यादीत राहिले तर पश्चिमेकडील काही जागांचा रंग बदलतो. ते राज्याबाहेर गेले तर स्वायत्त परिषदेची मागणी आपोआप थंडावते. सक्तीच्या स्थलांतराची कारणे शोधताना आपण द्वेषाचा इतिहास चाळतो. मतदारयादी चाळली तरी पुष्कळ उलगडा होतो.

पाच रुपये आणि सहाशे ग्रॅम

छावणीतील प्रौढ व्यक्तीला दिवसाला पाच रुपये व सहाशे ग्रॅम तांदूळ, मुलाला अडीच रुपये व तीनशे ग्रॅम तांदूळ, असा या मदतीचा दीर्घकाळ चाललेला दर होता. दोन प्रौढ व तीन मुले असलेल्या कुटुंबाचा हिशेब मांडला तर महिन्याला रोख ५२५ रुपये आणि ६३ किलो तांदूळ हाती येत. डाळ, तेल, भाजी, औषध, कपडा हे सारे त्या ५२५ रुपयांत. साहजिकच शिध्याच्या तांदळातील काही भाग विकून किंवा त्याच्या बदल्यात भाजी-औषधे घेण्याची रीत छावण्यांमध्ये रूढ झाली. सरकारने दिलेले धान्य हेच तेथील चलन बनले.

या व्यवस्थेची दुसरी बाजू श्रमाची होती. कागदोपत्री हे लोक मिझोरामचे रहिवासी असल्याने त्रिपुरा सरकारच्या नेहमीच्या कल्याणकारी योजनांची दारे त्यांना बहुतांशी बंद होती. मिझोरामच्या योजना त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. जमीन नाही, राज्याचा दाखला नाही, परंतु अर्धपोट का होईना धान्य मिळते. अशा माणसाला बाहेरच्या कामाची मजुरी ठरवून मागता येत नाही. मिळेल ती घ्यावी लागते. म्हणजे केंद्राचा शिधा छावणीतल्या माणसाला जगवतो आणि त्याच वेळी त्याचे श्रम स्वस्तही करतो. जगातील बहुतेक दीर्घकालीन छावण्यांच्या अर्थकारणात हेच घडत आले आहे. अधिकृतपणे तात्पुरत्या राहिलेल्या माणसाला कायमस्वरूपी किमतीने श्रम विकता येत नाहीत.

शिधा ही छावणीतील सर्वांत मोठी मिळकत असली की शिध्याची यादी ही सर्वांत मोठी सत्ता होते. कोणाचे नाव यादीत आहे, वेगळे झालेले कुटुंब स्वतंत्र कुटुंब धरायचे की नाही, नवे जन्म केव्हा नोंदवायचे, या प्रश्नांना जीवनमरणाचे महत्त्व येते. २०१८ च्या करारासाठी ५,४०७ कुटुंबांतील ३२,८७६ व्यक्ती हा आकडा धरला होता. मधल्या काळात ३२८ कुटुंबे मिझोरामला परतल्यानंतरही अंतिम पुनर्वसनाच्या यादीत ६,९५९ कुटुंबे व ३७,१३६ व्यक्ती आल्या. यात घोटाळाच शोधण्याचे कारण नाही. वीस वर्षांत मुले मोठी होतात, लग्ने होतात, संसार वेगळे होतात. तसेच मोठी मदत जेव्हा कुटुंबागणिक असते तेव्हा कुटुंबे वेगाने विभक्त होतात, हे कोणत्याही धरणग्रस्तांच्या यादीवर काम केलेल्या महसूल अधिकाऱ्याला सांगावे लागणार नाही.

शिधा रोखण्याचे हत्यार

परतीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००५ मध्ये ब्रू सशस्त्र गटाशी मिझोराम सरकारचा करार झाला. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये परतीची तयारी सुरू असतानाच एका मिझो तरुणाची हत्या झाली, सूडाची जाळपोळ झाली आणि परतण्याऐवजी आणखी काही कुटुंबे त्रिपुरात आली. २०१० पासून टप्प्याटप्प्याने पाठवणी सुरू झाली आणि २०१४ पर्यंत १,६२२ कुटुंबे मिझोरामला गेली. बाकीच्यांनी सुरक्षिततेची हमी, एकत्रित वस्ती आणि कसण्यासाठी जमीन मागितली. मिझोरामचा आग्रह पडताळणीचा होता. १९९७ पूर्वी राज्याच्या मतदारयादीत ज्यांची नोंद होती त्यांनाच परत घेऊ, अशी भूमिका घेतली गेली. ज्या यादीतून नावे काढण्याची मागणी झाली होती, तीच यादी आता परतीचा परवाना ठरली.

३ जुलै २०१८ रोजी केंद्र, दोन्ही राज्ये व ब्रू प्रतिनिधी यांच्यात दिल्लीत करार झाला. प्रत्येक कुटुंबाला चार लाखांची मुदतठेव, घरासाठी दीड लाख, दोन वर्षे दरमहा पाच हजार रुपये व मोफत शिधा असे त्याचे स्वरूप होते. अट एवढीच की मिझोरामला परतले पाहिजे आणि मुदतठेव हाती येण्यासाठी तेथे सलग राहिले पाहिजे. छावण्यांमधून इतका विरोध झाला की सही करणाऱ्या संघटनेलाच मागे हटावे लागले. या करारानुसार गेली ती फक्त वर उल्लेखिलेली ३२८ कुटुंबे.

मग शिधा बंद करण्याचा मार्ग अवलंबिला गेला. १ ऑक्टोबर २०१९ पासून छावण्यांचे धान्य व रोख मदत थांबली. महिनाभराने छावणीवासीयांनी रस्ता अडवला. उपासमारीने माणसे दगावल्याचा आरोप त्यांच्या नेत्यांनी केला आणि नोव्हेंबरमध्ये पुरवठा पूर्ववत झाला. हे लोक भारताचे नागरिक होते. त्यांच्यावर कोणताही गुन्हा नव्हता. ज्या राज्यात आपल्याला मारले गेले असे त्यांना वाटते तेथे परत जाण्यास ते तयार नव्हते, एवढाच त्यांचा दोष. अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ मध्ये संमत केलेल्या देशात धान्याचा उपयोग माणसे हलविण्यासाठी झाला आणि संसदेत त्यावर फारसे वादळ उठले नाही. ज्यांचे मत कोणत्या खासदाराच्या खात्यात जमा होते हेच निश्चित नाही, त्यांच्यासाठी हौद्यात उतरायचे कोणी?

मताची कथा तर शिध्याहून विलक्षण आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत ब्रूंना छावण्यांतच टपाली मतदानाची सोय दिली गेली. मिझोराममध्ये त्याविरुद्ध बंद पुकारला गेला आणि राज्यातील मतदानाचा दिवस ९ एप्रिलवरून ११ एप्रिलवर न्यावा लागला. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत हा वाद इतका चिघळला की राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी बदलले गेले. अखेर सीमेलगतच्या कान्हमून या मिझोरामच्या गावी खास मतदान केंद्रे उघडण्यात आली. अकरा हजारांवर मतदारांना त्रिपुरातून सीमा ओलांडून मत देण्यासाठी जावे लागणार होते. ज्या राज्यात राहता येत नाही तेथील सरकार निवडायचे आणि जेथे राहतो तेथील सरपंचही निवडता यायचा नाही, अशी ही नागरिकता होती.

राज्यघटनेतील एक नोंद

हा पेच केवळ माणसांच्या हटवादीपणाचा नव्हता. त्याची मुळे अधिकारांच्या विभागणीत आहेत. जमीन हा राज्यसूचीतील विषय, अठराव्या नोंदीखालचा. विस्थापितांचे साहाय्य व पुनर्वसन ही समवर्ती सूचीतील सत्ताविसावी नोंद. परंतु ती मुळातून वाचली तर असे दिसते की, भारत व पाकिस्तान ही अधिराज्ये स्थापन झाल्यामुळे मूळ ठिकाणाहून विस्थापित झालेल्यांपुरतीच ती आहे. म्हणजे फाळणीचा निर्वासित आपल्या घटनाकारांना ठाऊक होता. स्वतंत्र देशातील एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जीव मुठीत धरून पळालेला नागरिक त्यांना अपेक्षित नव्हता. देशांतर्गत विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्या धर्तीचा कायदा आपल्याकडे आजही नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही हे वारंवार सांगितले जाते. मात्र ब्रूंना त्या कराराचाही उपयोग नव्हता, कारण त्यांनी देशाची सीमा ओलांडलीच नव्हती.

परिणामी खर्चाची वाटणी अशी झाली. शिध्याचा भार केंद्राने अनुदानातून उचलायचा, कारण पैसा त्याच्याकडे. जमीन त्रिपुराने द्यायची नाही, कारण माणसे मिझोरामची. मिझोरामने घाई करायची नाही, कारण माणसे राज्याबाहेर असताना त्याच्या तिजोरीवर भार नाही. तिघांपैकी प्रत्येकाची भूमिका आपापल्या जागी तर्कशुद्ध होती आणि त्या तीन तर्कांची बेरीज म्हणजे तेवीस वर्षांची छावणी.

आकड्यांतही हे दिसते. वर हिशेबात घेतलेल्या कुटुंबाला रोख मदत वर्षाला ६,३०० रुपये. पुनर्वसनाचा मार्ग धरला तर मुदतठेव, घरबांधणी आणि मासिक साहाय्य मिळून त्याच कुटुंबाला ६ लाख ७० हजार रुपये. धान्याचा खर्च बाजूला ठेवला तर पुनर्वसनाची रक्कम शंभराहून अधिक वर्षांच्या रोख मदतीइतकी भरते. कोणत्याही एका अर्थसंकल्पी वर्षात छावणी चालू ठेवणेच स्वस्त दिसते. म्हणून ती दरवर्षी आणखी एक वर्ष चालू राहते. छावणीत वाया गेलेले शिक्षण, गमावलेली कमाई, २०११ मध्ये नाईसिंगपाड्याला लागलेल्या आगीसारखी संकटे, यांचा खर्च कोणत्याही खात्यावर पडत नाही. तो छावणीतली माणसेच भरतात.

‘परत जातील’ हे गृहीतक

यातले काही नवे नाही. फाळणीनंतर पश्चिमेकडून आलेल्यांचे पुनर्वसन तुलनेने लवकर झाले. सोडून गेलेल्यांची मालमत्ता सरकारच्या हाती होती, अदलाबदल पूर्ण झाली आहे हे दोन्ही देशांनी व्यवहारात मान्य केले होते, आणि १९५४ मध्ये नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदाही झाला. आपल्या कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आणलेल्या सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांच्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. तेथील पत्त्यांमध्ये ‘कॅम्प नंबर’ अजूनही लिहिला जातो. पण ते आता फक्त नाव उरले आहे. छावणीचे शहर होऊ शकते, याचा हा पुरावा आपल्या दारात आहे.

पूर्वेकडे मात्र १९५० च्या नेहरू-लियाकत कराराने निर्वासित परत जातील असे गृहीत धरले. साहजिकच त्यांच्यासाठी मालमत्तेची वाटणी झाली नाही, मिळाला तो शिधा. पुढे पश्चिम बंगालमधील छावण्या बंद करण्याचे ठरले तेव्हा छावणीवासीयांपुढे दंडकारण्याचा पर्याय ठेवण्यात आला. तो नाकारणाऱ्यांचा शिधा बंद. १९५८ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पात नदीकाठची भातशेती जाणणाऱ्या शेतकऱ्यांना कोरापूट-बस्तरच्या कोरड्या, खडकाळ माळावर नेले गेले. ती जमीनही रिकामी नव्हती. आदिवासींच्या वहिवाटीची होती. त्यातलीच काही कुटुंबे तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा परिसरात वसली. बंगालमध्ये अनुसूचित जातीत गणला जाणारा त्यांच्यातील नमःशूद्र समाज महाराष्ट्रात त्या सवलतींपासून वंचित राहिला. स्थलांतराने जमीन बदलते तशी कागदावरील जातही बदलते, हे तेथील अधिकाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असेल. दंडकारण्याला कंटाळून १९७८ मध्ये हजारो निर्वासित सुंदरबनकडे निघाले. विरोधात असताना त्यांची बाजू घेणारे डावे पक्ष तोवर बंगालमध्ये सत्तेवर आले होते. १९७९ च्या जानेवारीत मरीचझापी बेटाची नाकेबंदी झाली आणि मेमध्ये बेट रिकामे केले गेले. किती बळी गेले यावर आजही एकमत नाही. नाकेबंदीत अडवले गेले ते अन्न आणि पाणी, हे मात्र वादातीत आहे.

तमिळनाडूतील श्रीलंकन तमिळांचे उदाहरण याच गृहीतकाचे. १९८३ पासून आलेल्या या निर्वासितांपैकी सुमारे ५८ हजार लोक राज्यातील शंभरावर छावण्यांमध्ये राहत आले. तिसरी पिढी तेथे जन्मली, तमिळ शाळांत शिकली, रंगकाम व बांधकामाची मजुरी करू लागली. २०२१ मध्ये राज्य सरकारने ३१७ कोटींची योजना जाहीर केली आणि छावण्यांचे नाव बदलून ‘पुनर्वसन छावणी’ केले. नाव बदलणे राज्याच्या हाती होते. नागरिकत्व देणे केंद्राच्या हाती, आणि २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात श्रीलंकेचा समावेश नाही.

मिझोरामविषयी एकांगी मत होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे. म्यानमारमधील २०२१ च्या लष्करी उठावानंतर तीस हजारांहून अधिक चिन निर्वासित मिझोराममध्ये आले. घुसखोरी रोखा, असे केंद्राचे पत्र असतानाही राज्याने त्यांना आश्रय दिला आणि यंग मिझो असोसिएशनच्या कार्यकर्त्यांनी घरोघरून धान्य गोळा केले. चिन हे मिझोंचे रक्ताचे नातलग. परदेशी नातलगाला घर आणि शेजारच्या स्वदेशी ब्रूला छावणी, यातील विसंगती एकट्या मिझोंची म्हणता येणार नाही. कायदा नसला की आश्रय नात्यावर ठरतो, आणि नाते नसले की संख्येवर.

जमीन मिळाली तेव्हा

१६ जानेवारी २०२० च्या करारात या कोंडीतून वाट निघाली. तिचे सूत्र अगदी साधे होते. परतीचा आग्रह सोडण्यात आला. सुमारे ३४ हजार ब्रूंना त्रिपुरातच वसवायचे, सुमारे ६०० कोटींचा भार केंद्राने उचलायचा, जमीन त्रिपुराने द्यायची. २०१८ च्या कराराचीच मदत, त्यात प्रत्येक कुटुंबाला ४० बाय ३० फुटांचा निवासी भूखंड आणि राज्याच्या रहिवाशाचे सर्व हक्क यांची भर पडली. दीड वर्षापूर्वी ज्या रकमेने छावणी हलली नव्हती तीच रक्कम आता मान्य झाली. फरक होता तो जागेचा व मताचा.

अर्थात जमीन कागदावर देणे सोपे असते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कांचनपूर-पाणीसागर भागात स्थानिक बंगाली व मिझो रहिवाशांच्या संयुक्त समितीने मोठ्या संख्येने ब्रूंना तेथे वसविण्यास विरोध केला. ब्रूंच्या आगमनानंतर आम्हीही गावे सोडली, आमच्या पुनर्वसनाचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. पोलिस गोळीबारात एक आंदोलक मारला गेला, हिंसाचारात एका अग्निशमन कर्मचाऱ्याचाही अंत झाला. शिध्याचा भार देशभराच्या करदात्यांवर पातळ होऊन पडतो, जमिनीचा भार मात्र शेजाऱ्यावर पडतो, याची ती आठवण होती. अखेर वस्त्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत विभागल्या गेल्या. २०२१ पासून कुटुंबे हलू लागली, २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत हजारो ब्रूंनी त्रिपुराचे मतदार म्हणून प्रथमच मत दिले, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी धलाई जिल्ह्यातील ब्रुहापाडा वस्तीला भेट दिली. मतदार झालेल्या वस्तीपर्यंत रस्ता, वीज आणि मंत्री लवकर पोहोचतात. यात उपहास नाही. लोकशाहीत पुनर्वसनाचे खरे साधन तेच आहे.

तरीही एक गंभीर उणीव राहून गेली आहे. ४० बाय ३० फूट म्हणजे बाराशे चौरस फूट. त्यात घर होते, शेत होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर कसणाऱ्या समाजाला छप्पर मिळाले, पण कसायला काही मिळाले नाही. दोन वर्षांचे मासिक साहाय्य संपले, मुदतठेव मोडली गेली की पुढे मजुरीच. दंडकारण्यात जमीन दिली होती पण ती पिकत नव्हती. येथे वस्ती दिली आहे पण उपजीविका बांधलेली नाही. वनहक्क, फळबागा, रबर, बांबू, कौशल्यशिक्षण यांपैकी जे जमेल ते या वस्त्यांपर्यंत पोहोचले नाही, तर ती गावे उद्या मजुरांच्या वसाहती होतील.

मणिपूरपुढील प्रश्न

या साऱ्याची उजळणी आज कशासाठी, तर मणिपूरसाठी. ३ मे २०२३ रोजी तेथे उसळलेल्या हिंसाचारात अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली आणि सुमारे ६० हजार लोक घरांना मुकले. खोऱ्यातील मैतेई छावण्यांत, डोंगरांतील कुकी-झो छावण्यांत, काही शेजारच्या मिझोराममध्ये. २०२५ च्या जुलैमध्ये राज्य प्रशासनाने छावण्या टप्प्याटप्प्याने डिसेंबरपर्यंत बंद करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. छावणी बंद करण्याची तारीख ठरविणे प्रशासनाला नेहमीच आवडते. ब्रूंच्या बाबतीतही अशा तारखा वारंवार ठरल्या होत्या. येथे तर पेच अधिक बिकट आहे. दोन्ही बाजूंची माणसे एकाच राज्याची, जमिनीचे दोन वेगवेगळे कायदे, आणि मध्ये सुरक्षा दलांनी राखलेला पट्टा. कोणी कोठे परतायचे याचे उत्तर राजकीय तडजोडीशिवाय मिळणार नाही. ती होईपर्यंत शिध्याच्या दरावर आणि पूर्वनिर्मित घरांच्या संख्येवर चर्चा होत राहील.

ब्रूंच्या तेवीस वर्षांतून प्रशासनाला घेता येण्याजोगे धडे फार गुंतागुंतीचे नाहीत. शिधा हा हक्क मानावा, परतण्याची शिक्षा किंवा न परतण्याचा दंड म्हणून तो थांबवू नये. परतणे हा पर्याय असावा, अट असू नये. कुटुंबांची यादी पहिल्या वर्षीच पक्की करावी आणि दरवर्षी अद्ययावत ठेवावी. ज्या शेजाऱ्यांच्या जमिनीवर भार पडणार त्यांना पहिल्या बैठकीपासून सामावून घ्यावे. आणि मदतीचा व पुनर्वसनाचा खर्च कोणत्या प्रमाणात कोणी उचलायचा हे माणसे छावणीत असताना घासाघीस करून नव्हे, तर आधीच कायद्याने ठरवावे. समवर्ती सूचीतील ती सत्ताविसावी नोंद १९४७ पाशी थांबली आहे. तिला पुढे आणण्याचे काम संसदेचे आहे. त्यासाठी लागणारा पैसा त्या १,४५२ कोटींच्या आसपासचाच असेल. कमी आहे ती इच्छा, कारण छावणीतला माणूस मतदार होईपर्यंत त्याच्यासाठी कोणाला घाई नसते.